जावयाच्या वाट्याचं काळीज

उस्तादांच्या दुकानात माशा होत्या, पण उस्तादांच्या नाकावर एकही बसू शकत नसे. मटणाचं दुकान म्हटल्यावर माशा आल्याच, त्यांना ते खांद्यावरच्या फडक्यानं हाकलत. माणसांना हाकलायला फडकंही लागत नसे. "जरा कमी चरबीचं द्या हं," असं कुणी म्हणालं, की सुरी खाली ठेवून ते म्हणत, "हे मेंढीला सांगायला हवं होतं. आता उशीर झाला."

तरी रोज सकाळी दुकानापुढे रांग असे. कारण दुकानाच्या कपाळावर एक पाटी होती आणि ती चक्क खरी होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: 'इथे खराब माल मिळत नाही.' पस्तीस वर्षांत ही पाटी तीनदा रंगवून झाली होती आणि एकदाही खोटी पडली नव्हती. उस्तादांना तिचा इतका अभिमान, की लेकीच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी व्याह्यांना आधी पाटी सांगितली आणि मग मुलीचं शिक्षण.

पाटीचा सगळा भार उस्तादांच्या उजव्या अंगठ्यावर होता. मेंढीच्या काळजात कधीकधी पाण्याचे फुगे निघतात. द्राक्षाएवढे, लिंबाएवढे, वर पांढरट कातडी आणि आत नितळ पाणी. बाजारातले बाकीचे खाटीक तेवढा भाग कापून टाकत आणि उरलेलं काळीज साळसूद चेहऱ्यानं विकत. उस्ताद मात्र प्रत्येक काळीज तळहातावर घेऊन, डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवत. फुगा लागला की डोळे उघडत आणि मग खेळ सुरू होई. नखानं कडेकडेनं वाट काढत ते तो फुगा अख्खा सोडवत, उजेडात धरत आणि रांगेला सांगत, "थेंब सांडला नाही. बघून घ्या." रांग बघून घेई. मग फुगा आणि काळीज दोन्ही ते मागे न बघता खांद्यावरून भिरकावत. जमिनीवर कधी काही पडलं नाही, कारण मागच्या दारात जावई बसलेला असे.

जावई म्हणजे कुत्रा. तपकिरी, अकरा वर्षांचा, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव उस्तादांच्या बायकोनं ठेवलं होतं. काम काही करायचं नाही, पहिला घास याला द्यायचा आणि तरी हा सदा रुसलेला; दुसरं काय नाव ठेवणार? दुकानातला हा तिसरा जावई. आधीचे दोघं असेच आले, असेच जेवले आणि म्हातारे होऊन गेले. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा कुत्र्याचं नाव बदलावं असा विषय निघाला होता. उस्ताद म्हणाले, "हा आधी आलाय." विषय संपला. खरे जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होते आणि स्वभावानं सोशिक होते. सासरी आल्यावर हाक नेमकी कुणाला मारली आहे याची खात्री होईपर्यंत ते जागचे उठत नसत, एवढंच.

दुपारी दुकान बंद करून उस्ताद पायरीवर पाव खायला बसत. एक घास स्वतःला, एक जावयाला, हात तोच. पाव संपला की जावई त्यांची हनुवटी चाटून ऋण फेडे.

"अहो, हात तरी धुवा," बायको वरून ओरडे.

"हा माझ्यापेक्षा स्वच्छ आहे," उस्ताद म्हणत. त्यांच्या खांद्यावरचं फडकं पाहता यावर वाद घालणं कठीण होतं.

उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा उस्तादांनी वर्षभर त्याला गॅस म्हटलं. सोडा प्यायले, कमरेचा पट्टा दोन भोकं सैल केला. मग एका सकाळी सोललेली मेंढी आकड्याला लावताना त्यांचे हात अर्ध्यावर थांबले आणि ते मटण तोडायच्या खोडावर मटकन बसले. मागच्या दारातून जावई आपणहून उठून पुढे आला, तेव्हा प्रकरण साधं नाही हे बायकोला कळलं.

लेक शाळेत गणित शिकवायची. तिनं रजा टाकली, वडलांना टॅक्सीत कोंबलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नेऊन सोनोग्राफीच्या टेबलावर आडवं केलं. भीतीनं काळजाचं पाणी झालं असं लोक नुसतं म्हणतात, उस्तादांचं ते पडद्यावर दिसलं. काळजाच्या उजव्या अंगाला मोसंबीएवढा पाण्याचा फुगा आणि त्याच्या पोटात आणखी लहान लहान फुगे.

"अरे, हा तर आपलाच माल!" उस्ताद आडवे पडल्यापडल्याच ओरडले. बरीच वर्षं न भेटलेला मित्र दिसावा तसा त्यांचा चेहरा खुलला.

सर्जनबाई त्यांच्या लेकीच्याच वयाच्या होत्या. मनगटं काडीसारखी, बोलणं मात्र ठाम. त्या म्हणाल्या, "याला हायडॅटिड सिस्ट म्हणतात, काका. जंतांची गाठ. मोठ्या गाठीच्या आत जी पिल्लं दिसतात त्यांना आम्ही मुली म्हणतो. तुमच्या पोटात नऊ-दहा तरी आहेत."

"एकीला वाढवताना नाकी नऊ आले," बायको पुटपुटली.

"एवढी मोठी गाठ नुसत्या औषधानं जाणार नाही. आधी काही दिवस गोळ्या आणि मग ऑपरेशन. उशीर करून चालणार नाही. गाठ अगदी कडेला आहे आणि कातडी पातळ झालीय. धक्का लागून आत फुटली, तर ते पाणी पोटभर पसरेल आणि जिथे जाईल तिथे नव्या गाठी धरतील. काही जणांच्या शरीराला तर ते पाणी सोसतच नाही. रक्तदाब असा कोसळतो, की आम्हाला काही करायला वेळ मिळत नाही."

बायकोचा चेहरा उतरला. लेकीनं तिचा हात धरला.

"कुत्रा आहे का घरी? त्याला काय घालता?" बाईंनी विचारलं.

आता हा उस्तादांच्या आवडीचा विषय. पाटी, अंगठा, फुगा, खांद्यावरून भिरकावणं, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. ऐकता ऐकता बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, ते फुगे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, त्याच्या केसांना लागतात, तो अंग चाटतो तेव्हा जिभेला लागतात. तिथून तुमच्या हाताला आणि हातातून पावाबरोबर पोटात."

उस्ताद ताडकन उठून बसले. "म्हणजे जावयामुळे? हा कुठला जावईशोध!"

अशाही वेळी लेकीला हसू फुटलं. बाईंना ते कळलं नाही, पण त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. "दोष त्याचा नाही. ही गाठ दहा-पंधरा वर्षांची असेल, कदाचित आधीच्या कुत्र्याच्या वेळची. आपल्याला काय खायला मिळतं हे काही कुत्रा ठरवत नाही."

हे वाक्य उस्तादांना झोंबलं. "माझ्या दुकानातून पस्तीस वर्षांत खराब माल बाहेर गेलेला नाही," असं म्हणून ते उठले आणि शर्टाची बटणं न लावता, पोटावरच्या चिकट जेलीसकट, खोलीबाहेर पडले.

पुढचे पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. गोळ्या ते घेत, कारण बायको गिळेपर्यंत समोर उभी राही. ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र सुरीला धार लावायला बसत. इतकी धार, की सुऱ्या बारीक व्हायला लागल्या. मरणाला आपण भीत नाही असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते साफ खोटं होतं. उस्ताद भ्यायले होते, आणि त्यांची भीती इतरांपेक्षा शहाणी होती. असले हजारो फुगे त्यांनी सोडवले होते. सुटताना शेवटच्या क्षणी ती कातडी बोटाखाली किती पातळ लागते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते काम त्या काडीसारख्या मनगटांना जमेल यावर त्यांचा विश्वास बसेना. सगळ्या जगात खात्रीचा असा एकच अंगठा होता आणि तो नेमका रोग्याचाच होता.

सोळाव्या दिवशी दुकानात दोन फुग्यांचं काळीज आलं आणि उस्तादांना तोड सापडली. त्यांनी ते मागे भिरकावलं नाही. जावई तोंड उघडून बसला होता, तो तसाच बसून राहिला. बायकोचा स्टीलचा डबा, इस्त्रीचा शर्ट आणि मागे धावत आलेल्या दोघी, अशा सरंजामासह उस्ताद हॉस्पिटलात हजर झाले.

"डबा कशाला आणलात? काय आहे?" बाईंनी विचारलं.

उस्तादांनी झाकण उघडलं. नर्स दोन पावलं मागे सरकली.

"यात दोन आहेत. एक तुम्ही काढून दाखवा. थेंब सांडला नाही, तर म्हणाल त्या दिवशी मी टेबलावर झोपतो."

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी आधी उस्तादांकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्यांना राग आला असेल असं सगळ्यांना वाटलं.

"यातून आपल्याला काही व्हायचं नाही," त्या नर्सला म्हणाल्या. "कुत्र्याच्या पोटातून फिरून आल्याशिवाय हे माणसाला लागत नाही. सिस्टर, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणा. चष्मेही आणा."

ड्रेसिंगच्या खोलीत, स्टीलच्या ट्रेमध्ये परीक्षा सुरू झाली. उस्तादांची नजर बाईंच्या अंगठ्यावर होती आणि बाई तर अंगठा वापरीचनात. त्यांनी आधी कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या फुग्याच्या चहूबाजूंनी रचल्या. मग सुई घालून आतलं पाणी हळूहळू ओढून घेतलं, त्याच्या जागी खारं पाणी भरलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

"आता काय?"

"दहा मिनिटं थांबायचं. आतले जीव मरेपर्यंत."

"दहा मिनिटं! गिऱ्हाईक निघून जाईल हो."

"माझं गिऱ्हाईक जात नाही," बाई म्हणाल्या. "त्याला भूल दिलेली असते."

दहा मिनिटं गप्प राहण्याची उस्तादांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. मग बाईंनी खारं पाणी ओढून घेतलं, फुग्याला वरून चीर दिली आणि चिमट्यानं आतली पांढरी पिशवी अलगद उचलली. उकडलेल्या अंड्याचा पापुद्रा निघावा तशी ती निघून आली. ट्रे कोरडा होता.

"चांगलं आहे," उस्ताद म्हणाले. बायकोनं चमकून पाहिलं, कारण तीस वर्षांच्या संसारात तिनं हा शब्द त्यांच्या तोंडून फारसा ऐकला नव्हता. "पण तुम्ही सुई टोचलीत. आमच्यात टोचलं म्हणजे हरलं. शिवाय वेळ केवढा! सरका, मी दाखवतो."

"कशाला उगाच?" बायको म्हणाली. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये हे तिला कळत होतं. पण उस्तादांच्या हातात मोजे चढले होते आणि डोळे मिटले गेले होते. अंगठा फुग्याच्या कडेनं निघाला. एक बाजू सुटली, दुसरी सुटली, तिसरी सुटली. नर्सही पुढे वाकून बघायला लागली. आणि चौथ्या बाजूला त्यांच्या बरगडीखाली कळ आली. अंगठा तसूभर, तसूभरच, घसरला.

फुगा फुटला. पाणी ट्रेमध्ये, बाईंच्या कोटावर आणि उस्तादांच्या चष्म्यावर उडालं. त्या पाण्याबरोबर बारीक पांढरी रेती निघाली आणि ट्रेभर पसरली. पस्तीस वर्षांत उस्तादांनी ती कधी पाहिली नव्हती, कारण त्यांच्या हातून फुगा कधी फुटलाच नव्हता.

"ही रेती कसली?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यातला एकेक कण म्हणजे जंताचं एकेक डोकं."

बाईंनी स्वतः त्यांचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा त्यांच्या नाकावर ठेवला. "तुमचा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे, काका. पण तुमच्यापुढे येते ती मेंढी मेलेली असते. फुगा फुटला तरी तिचं काही जात नाही. माझ्यापुढचं माणूस जिवंत असतं, म्हणून मी हातावर विसंबत नाही. मिठावर विसंबते."

उस्तादांनी हातमोजे काढून ट्रेशेजारी ठेवले. मग म्हणाले, "मीठ किती घालता?"

बायको आणि लेक दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. उस्तादांच्या भाषेत होकार तो हाच, हे त्यांना माहीत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी ढकलगाडीवर आडवे असताना त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. "जावयाला उपाशी ठेवू नकोस. कच्चं काही घालू नकोस."

"आता तरी माझ्याबद्दल काही बोला," बायकोचे डोळे भरले होते.

उस्तादांनी विचार केला. तिचीही सोनोग्राफी झाली होती आणि ती स्वच्छ निघाली होती. "तू हात धुतेस म्हणून वाचलीस," ते म्हणाले. "धूत राहा." त्यांच्या हिशेबानं हे फार प्रेमाचं बोलणं होतं आणि तिला ते बरोबर कळलं. गाडी दारातून आत जाताना आतून त्यांचा आवाज आला, "बाई, खारं पाणी विसरू नका!"

तीन तास बायको बाकावर तो रिकामा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डबा का आणला हे तिलाही सांगता आलं नसतं. त्या सकाळपासून तिनं तो सात वेळा घासला होता.

उस्तादांना जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि कुशीतून एक नळी बाहेर आली होती. "फुटला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी काचेची बरणी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. आत पांढरी पिशवी आणि तिच्यासोबत दहा बारके फुगे तरंगत होते. "थेंब सांडला नाही," बाई म्हणाल्या. "बघून घ्या."

उस्तादांनी बघून घेतलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. पुसायला फडकं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना दिसलं. "आणि रिकाम्या जागेत काय भरलंत?"

"पोटातल्या चरबीच्या जाळीचा पदर."

"जाळी! वा!" उस्ताद म्हणाले. जाळीबद्दल त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, पण टाके बोलू देईनात.

नळी बारा दिवसांनी निघाली. गोळ्या पुढे तीन महिने होत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी जावयालाही जंतांच्या गोळ्या लावून दिल्या. ज्या दिवशी दोघांच्याही असत, त्या दिवशी सासरे-जावई शेजारी बसून गोळी घेत आणि अगदी सारखं तोंड वाकडं करत. खरे जावई हे पाहायला मुद्दाम आले होते. लग्न झाल्यापासून सासरी ते इतके मोकळेपणानं कधी हसले नव्हते.

अडीच महिन्यांनी दुकान उघडलं. मागच्या बाजूला आता स्टोव्ह आणि पातेलं होतं, नळाशी साबण होता आणि पाव खाण्याआधी हात धुतले जात होते. खराब काळजासाठी झाकणाचं पिंप ठेवलं होतं, त्यातलं सगळं खोल खड्ड्यात पुरलं जायचं. पहिल्याच दिवशी रांग कोपऱ्यापर्यंत गेली. उस्तादांनी पहिलं काळीज तळहातावर घेतलं, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि डोळे उघडले.

फुगा होता. पण खेळ झाला नाही. हात मात्र पस्तीस वर्षांच्या सवयीनं काळीज घेऊन आपसूक खांद्याकडे गेला आणि तिथे थांबला. उस्ताद मागे वळले. भिरकावताना मागे वळून त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. जावई नेहमीच्या जागी उभा होता. एक कान उभा, तोंड उघडं, डोळे त्यांच्या खांद्यावर. तिथून जे येईल ते चांगलंच असणार, याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती.

उस्तादांना लाज वाटली. साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या तापाव्यात अशी. एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी कधी खराब माल दिला नव्हता आणि ह्याला, ह्याच्या आधीच्या दोघांना, खराबाखेरीज दुसरं काळीज कधी दिलं नव्हतं. पाटीच्या खाली, बरोबर पाठीमागे, तीन जन्म खराब माल खात बसले होते, आणि ते त्याबद्दल त्यांची हनुवटी चाटत होते.

"उकळून घाला ना त्याला," बायको म्हणाली. "उकळलं तर चालतं, सर्जनबाईंनी सांगितलंय."

"नको," उस्ताद म्हणाले. "खराब आहे ते."

ते काळीज त्यांनी पिंपात टाकलं आणि झाकण दाबून बसवलं. हात धुतले. आकड्यावरचं सगळ्यात ताजं, तुकतुकीत काळीज काढलं, त्यावर दोनदा अंगठा फिरवला, मधला तुकडा कापला, तराजूत घालून वजन केलं आणि स्टोव्हवर उकळायला ठेवला. रांगेत चुळबुळ सुरू झाली. तुकडा शिजला, निवला. उस्तादांनी तो गिऱ्हाइकाला देतात तसा कोऱ्या कागदावर ठेवला, टाक्यांच्या जागी हात धरून कसेबसे वाकले आणि जावयापुढे सरकवला. जावयानं वास घेतला, मान वर केली आणि पुन्हा त्यांच्या खांद्याकडे बघितलं.

"खा बाबा," उस्ताद म्हणाले. "हे तुझंच आहे."

रांगेतल्या पहिल्या बाईंचा धीर सुटला. "अहो उस्ताद, नंबर माझा होता ना?"

"थांबा जरा," उस्ताद वळून न बघता म्हणाले. "तो अकरा वर्षं रांगेत आहे."